संगणकाशी गट्टी : झाकलं, पण पुसलं नाही!

बालदोस्तांनो,

या आठवड्याच्या टपालात दोन पत्रं अशी आली, की त्यांचं उत्तर त्या दोघांपुरतं देऊन भागणार नाही. ते तुम्हा सगळ्यांनाच सांगायला हवं.

पहिलं पत्र बीड जिल्ह्यातलं, सहावीतल्या एका मुलीचं. ती लिहिते, "बाई, २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर आमच्या वर्गाचा फोटो काढला. हजेरीपटावर आम्ही ३२ जण आहोत, पण फोटोत ३१ च. माझी मैत्रीण दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली, ती अजून आली नाही. तिच्या बाबांनी मोबाइलवर तिचा फोटो पाठवलाय. तिला आमच्या फोटोत आणता येईल का? आणि तिचा फ्रॉक पिवळा आहे, त्याचा गणवेश करता येईल का?"

दुसरं पत्र आठवीतल्या एका मुलाचं. अगदी दोन ओळींचं. "सहलीच्या फोटोतून एकाला काढून टाकायचंय. आमची कट्टी आहे. कसं करायचं?"

गंमत बघा हं! एकीला फोटोत कुणाला तरी आणायचंय आणि दुसऱ्याला फोटोतून कुणाला तरी घालवायचंय. पण दोघांना लागणारी हत्यारं मात्र एकच. एक निवड, म्हणजे सिलेक्शन, आणि दुसरा मास्क. चला तर, आज या दोघांशी गट्टी करू. मी 'गिम्प' या प्रोग्रॅममधली उदाहरणं देणार आहे, कारण तो फुकट मिळतो आणि साध्या संगणकावरही चालतो. अमेरिकेतल्या बर्कली इथल्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये तो लिहायला घेतला होता. तुमच्याकडे दुसरा एखादा प्रोग्रॅम असेल तरी काही बिघडत नाही. नावं थोडी बदलतील, रीत तीच.

संगणकाला 'मुलगी' दिसत नाही

आपण फोटो बघतो तेव्हा आपल्याला मुलगी दिसते, झाड दिसतं, भिंत दिसते. संगणकाला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्या दृष्टीने फोटो म्हणजे आलेखाच्या वहीसारखे बारीक बारीक चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. बस्स!

म्हणून त्याला नुसतं 'हिचा चेहरा जरा उजळ कर' असं सांगून उपयोग नाही. आधी सांगावं लागतं, की कोणते चौकोन घ्यायचे आणि कोणते सोडायचे. याचंच नाव निवड. निवड केली की तिच्या कडेने काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची रांग सरकताना दिसते. तिला सगळे जण 'मुंग्यांची रांग' म्हणतात! १९८४ मध्ये बिल अॅटकिन्सन यांनी लिहिलेल्या 'मॅकपेंट'मध्येही या मुंग्या चालत होत्या. म्हणजे फार जुन्या मुंग्या आहेत बरं का या. मुंग्यांच्या आत जे असेल त्यालाच रंग लागतो. बाहेर कितीही ब्रश फिरवा, काही म्हणता काही होत नाही.

निवडीची चार हत्यारं

*चौकोन आणि लंबगोल.* खिडकी, फळा, चेंडू अशा नीटनेटक्या आकाराच्या वस्तूंसाठी ही बरी. माणसासाठी कुचकामी, कारण माणूस चौकोनी नसतो!

*फास.* गिम्पमध्ये याला 'फ्री सिलेक्ट' म्हणतात, इतर ठिकाणी 'लॅसो'. माउस दाबून धरायचा आणि वस्तूच्या कडेकडेने फिरवत आणून जिथून निघालो तिथेच गाठ मारायची. हात स्थिर नसेल तर एक युक्ती: माउस ओढू नका, थोड्या थोड्या अंतरावर टिचकी मारत जा. गोधडीला टाके घालतात ना, तसं. वळणावर टाके जवळ जवळ, सरळ कडेवर लांब लांब.

*जादूची कांडी.* गिम्पमधलं नाव 'फझी सिलेक्ट'. एका ठिकाणी टिचकी मारली, की तिथल्या रंगासारखे आणि त्याला चिकटून असलेले सगळे चौकोन ती पकडते. किती सारखे? ते 'थ्रेशोल्ड' नावाच्या आकड्यावर ठरतं. आकडा लहान ठेवला तर कांडी फार चिकित्सक होते आणि मूठभरच चौकोन पकडते. आकडा मोठा ठेवला तर ती भोळी होते, आणि भिंतीबरोबर शर्टही पकडून आणते.

*रंगावरून निवड.* ही कांडीची मोठी बहीण. हिला चिकटून असण्याची अट नाही. फोटोत तो रंग जिथे जिथे असेल तिथून ती गोळा करते. पिवळ्या फ्रॉकवर टिचकी मारलीत, तर कोपऱ्यातली झेंडूची फुलंसुद्धा निवडली जातील!

आणि एक लक्षात ठेवा. एका फटक्यात निवड जमत नाही, कुणालाच. शिफ्टची कळ दाबून निवडलं तर निवडीत भर पडते. कंट्रोलची कळ दाबून निवडलं तर वजाबाकी होते. बेरीज, वजाबाकी, पुन्हा बेरीज असं करत करतच कड नीट बसते.

कडा कापायची नाही, विरघळवायची

आता पहिल्या मुलीच्या मैत्रिणीकडे वळू. ती त्यांच्या कोपीपुढे उभी आहे. कोपी म्हणजे ऊसतोडणीच्या जागी उभारलेलं तात्पुरतं झोपडं. मागे निळी ताडपत्री आहे. हे आपल्या फायद्याचंच! निळ्या ताडपत्रीवर जादूची कांडी फिरवा, शिफ्ट दाबून राहिलेले निळे तुकडे घ्या. सगळी ताडपत्री निवडली गेली, की 'सिलेक्ट' यादीतलं 'इन्व्हर्ट' दाबा. निवड उलटी होते. ताडपत्री सुटली आणि मुलगी हातात आली! जे हवं ते निवडणं अवघड असेल, तर जे नको ते निवडा आणि उलटं करा. ही युक्ती शंभरदा उपयोगी पडते.

पण दोन वेण्यांपाशी गाडी अडते. केस म्हणजे सरळ रेघ नव्हे. बटांच्या मधून ताडपत्री डोकावते. अशा जागी कात्रीने कापल्यासारखी निवड केली, तर मुलगी पुठ्ठ्याची वाटेल. त्यासाठी 'फेदर' वापरतात. पक्ष्याच्या पिसाची कड कशी मऊ असते, एकदम संपत नाही? तशी निवडीची कड दोनतीन चौकोनांत हळूहळू विरघळते. गणवेशाच्या कडेला थोडं फेदर, केसांना जरा जास्त.

आता मास्क

इथपर्यंत आलेली बरीच मुलं काय करतात, तर नको असलेला भाग निवडतात आणि डिलीट दाबतात. काम झालं! दुसऱ्या दिवशी लक्षात येतं, की वेणीचं टोकही उडालं. फाइल तर जपून ठेवली, संगणक बंद केला. आता ती वेणी आणायची कुठून?

म्हणून डिलीट करायचं नाही, झाकायचं. झाकणारा जो पडदा, तोच मास्क.

तुम्ही मास्क पाहिलेत, फक्त नाव माहीत नव्हतं. दिवाळीत अंगणात रांगोळीचा छाप ठेवून वरून रंग टाकतो. भोकं असतील तिथेच रंग पडतो, बाकी जमीन कोरी. तो छाप म्हणजे मास्क. खिडकीच्या काचेला रंग लागू नये म्हणून रंगारी कडेने चिकटपट्टी लावतो. ती पट्टी म्हणजे मास्क. पूर्वी छपाईच्या कामात लाल पारदर्शक फिल्म कापून नको तो भाग झाकत. आज गिम्पमध्ये 'क्विक मास्क' चालू केला की न निवडलेला भाग लालसर दिसतो, तो त्या लाल फिल्मसारखाच.

संगणकातला मास्क म्हणजे फोटोवर पसरलेलं दुसरं चित्र, पण फक्त काळं, पांढरं आणि करडं. नियम तीनच:

पांढरं असेल तिथे वरचा फोटो दिसतो.
काळं असेल तिथे वरचा फोटो झाकला जातो आणि खालचा दिसतो.
करडं असेल तिथे दोन्ही मिसळून दिसतात.

हे मिसळणं म्हणजे जादू नाही, साधा हिशेब आहे. समजा, वरच्या फोटोतल्या एका चौकोनाचा आकडा २०० आहे आणि त्याच्या बरोबर खालच्या चौकोनाचा १००. मास्क निम्मा पांढरा असेल तर २०० चे निम्मे १०० आणि १०० चे निम्मे ५०, मिळून १५०. मास्क पाव पांढरा असेल तर २०० चा पाव हिस्सा ५० आणि १०० चा पाऊण हिस्सा ७५, मिळून १२५. ढोबळ हिशेब असा. प्रत्येक चौकोनाला लाल, हिरवा, निळा यांच्याबरोबर 'किती दिसायचं' सांगणारा चौथा आकडा जोडायची कल्पना १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत एड कॅटमल आणि आल्वी रे स्मिथ यांनी मांडली. त्यांनी त्याला 'अल्फा' म्हटलं. गणिताचा तास उगाच नसतो, पटलं ना?

करून पाहू

१. वर्गाचा फोटो उघडा. मग 'फाइल' यादीतून 'ओपन अॅज लेअर्स' घेऊन मैत्रिणीचा फोटो आणा. तो वर्गाच्या फोटोवर दुसऱ्या थरासारखा येऊन बसेल. थर म्हणजे लेअर.
२. मघाशी सांगितल्याप्रमाणे ताडपत्री निवडा, उलटी करा, थोडं फेदर द्या.
३. 'लेअर' यादीत 'मास्क', त्यात 'अॅड लेअर मास्क', आणि पर्यायांतून 'सिलेक्शन' निवडा. ताडपत्री गायब! पण गेली नाही हं, मास्कच्या काळ्या भागाखाली आहे तशी आहे. काम झालं, आता मुंग्या घालवा. त्यासाठी 'सिलेक्ट' यादीत 'नन' आहे.
४. तिचा थर लहान करून मागच्या रांगेत कडेला सरकवा. तिचं डोकं शेजारच्या मुलीच्या डोक्याएवढं झालं की थांबा.
५. मास्कच्या छोट्या चित्रावर टिचकी मारून काळा ब्रश घ्या. पुढच्या रांगेतल्या मुलांवर तिचा फ्रॉक आला असेल, तिथे काळं रंगवा. ती बरोबर त्यांच्या खांद्यांमागे जाऊन उभी राहील. वेणी चुकून झाकली गेली? एक्सची कळ दाबून पांढरा ब्रश घ्या आणि पुन्हा रंगवा. आली की नाही वेणी परत?
६. फाइल आधी गिम्पच्या स्वतःच्या 'एक्ससीएफ' प्रकारात जपून ठेवा, म्हणजे थर आणि मास्क शाबूत राहतील. मग छापायला 'जेपेग' प्रत काढा.

एक सावधगिरी. फोटोतला फोन नंबर किंवा पत्ता मास्कने झाकलात आणि ती एक्ससीएफ फाइल कुणाला पाठवलीत, तर तो माणूस मास्क काढून सगळं वाचू शकेल. कारण झाकलंय, पुसलं नाही! बाहेर पाठवायची ती जेपेग प्रत.

सूर्य खोटं बोलत नाही

एवढं करूनही ती मुलगी वेगळी, चिकटवल्यासारखी दिसेल. का बरं? सावल्या बघा. वर्गाचा फोटो सकाळचा, ऊन डावीकडून. तिचा फोटो संध्याकाळचा, ऊन उजवीकडून. ३१ जणांच्या नाकाची सावली एकीकडे आणि हिची दुसरीकडे! तुम्ही म्हणाल, तिचा फोटो आरशासारखा उलटा करू. सावली जुळेल, पण मग भांग, कपाळावरचा तीळ, फ्रॉकचा खिसा सगळंच बाजू बदलेल. तिच्या आईला ते क्षणात कळेल. त्यापेक्षा तिच्या बाबांना निरोप पाठवा, की सकाळच्या उन्हात, ऊन डाव्या बाजूने येईल असं उभं करून एक फोटो काढा.

बनवलेला फोटो ओळखायचा असेल, तर हेच तपासायचं: सावल्यांची दिशा, केसांच्या कडा, डोक्यांचे आकार, जमिनीला टेकलेले पाय.

"पण बाई, आता फोनच एका बोटात माणूस वेगळा काढून देतो की! मग एवढा खटाटोप कशाला?" खरंय. हजारो चित्रांवर शिकवलेला प्रोग्रॅम फोनमध्ये बसलेला असतो. तो अंदाज करतो, आणि बऱ्याचदा बरोबर करतो. पण वेणी आणि मानेच्या मधली फट, कानातलं डूल, हातातली बाहुली, इथे तो अजूनही घसरतो. ते ओळखून दुरुस्त करायला तुमचाच डोळा लागतो. आणि कुणाला ठेवायचं, कुणाला झाकायचं, हे तर फोनने ठरवायचं कामच नाही.

आता दोन्ही पत्रांची उत्तरं

आठवीतल्या दोस्ता, आधी तुझं. तू त्या मुलाला झाकलंस, तर तिथे काय दिसणार? तो उभा होता त्याच्या मागे काय होतं, ते कॅमेऱ्याने पाहिलेलंच नाही. त्याच जागेचा त्याच्याशिवायचा दुसरा फोटो असेल तर तो खाली ठेवून दाखवता येईल. नसेल, तर प्रोग्रॅम शेजारचं गवत आणि शेजारचा दगड पाहून मनाने काहीतरी भरेल. म्हणजे एक खरा मुलगा जाईल आणि एक खोटा दगड येईल.

हे संगणकाच्या आधीही होत होतं. १९३७ साली रशियात मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्टालिनचा एक फोटो काढला होता. शेजारी निकोलाय येझोव्ह नावाचा बडा अधिकारी होता. पुढे स्टालिनची त्याच्यावर खप्पा मर्जी झाली आणि १९४० मध्ये त्याला ठार मारण्यात आलं. नंतरच्या प्रतींत त्याच्या जागी नुसतं कालव्याचं पाणी दिसतं! हातांनी, रंगांनी केलेलं काम होतं ते. पण मूळ फोटो शिल्लक राहिला, म्हणून आज दोन्ही शेजारी शेजारी ठेवून जगाला ती लबाडी दाखवता येते.

तुझी कट्टी काही स्टालिनएवढी नाही रे! पण सहलीला तो आला होता, हे खरं आहे ना? तुला तुझा एकट्याचा फोटो हवा असेल तर खुशाल स्वतःला निवडून घे, वहीवर लाव. मात्र 'आमची सहल' म्हणून जो फोटो सगळ्यांना देशील, त्यात तो हवा. आणि मूळ फोटो कधीही पुसू नकोस. कट्टी आठ दिवसांची असते, फोटो जन्मभराचा.

आता बीडच्या मैत्रिणी, तुझं. हो, तिला फोटोत आणता येईल. जरूर आण. हजेरीपटावर नाव आहे ती वर्गाचीच. पण आधी तीन गोष्टी कर.

पहिली, तिला विचार. फोटो तिचा आहे, तेव्हा हो किंवा नाही तिने म्हणायचं. घरच्यांनाही विचारायला सांग.

दुसरी, फ्रॉकचा रंग. रंगावरून निवड करून पिवळ्याचा निळा पाच मिनिटांत होईल. पण मी म्हणते, राहू दे पिवळाच. ती त्या दिवशी झेंड्यापाशी गणवेशात उभी नव्हती. ती लांब कारखान्याच्या परिसरात, कोपीपुढे, पिवळ्या फ्रॉकमध्ये होती. हेही तुमच्या वर्गाचंच खरं आहे. रंग बदललास तर बघणाऱ्याला वाटेल, सगळं ठीक होतं, ३२ च्या ३२ हजर होते. मग तिची शाळा का बुडते, हा प्रश्न कुणी विचारणारच नाही. तिलाच गणवेश हवा असेल, तर मात्र तिचं ऐक.

तिसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची. फोटोखाली स्पष्ट लिही: 'मागच्या रांगेत उजवीकडची विद्यार्थिनी ऊसतोडीच्या गावी होती. तिचा फोटो नंतर जोडला आहे.' एवढी ओळ लिहिली, की फोटो खोटा राहत नाही. जोडणं म्हणजे लबाडी नव्हे, जोडलंय हे लपवणं म्हणजे लबाडी.

संगणक नसलेल्यांसाठी

पिंपळाचं किंवा जास्वंदीचं एक पान कोऱ्या कागदावर ठेवा. जुन्या टूथब्रशला पातळ रंग लावून बोटाने दात मागे ओढा. कागदभर बारीक फवारा उडेल. वाळल्यावर पान उचला. खाली पानाचा कोरा, शुभ्र आकार! पान म्हणजे तुमचा मास्क. आता दुसऱ्या कागदावर पान टेकवून न ठेवता काडेपेटीच्या चार काड्यांवर किंचित उचलून ठेवा आणि पुन्हा फवारा. या वेळी कड कशी आली, ते नीट बघा आणि आज शिकलेल्या कोणत्या शब्दाशी ती जुळते ते मला कळवा.

आईबाबांसाठी दोन शब्द

मुलांनी फोटोत काही बदललं, तर रागावण्याआधी 'कसं केलंस, दाखव बरं' असं म्हणा. कसं केलं हे मोकळेपणी दाखवणारं मूल ते लपवायला शिकत नाही. आणि कुटुंबाच्या गटावर एखादा धक्कादायक फोटो आला, तर पुढे पाठवण्याआधी मुलांनाच सावल्या तपासायला बसवा. ती तुमच्यापेक्षा लवकर पकडतील!

या आठवड्याचं कोडं

वरच्या थरातल्या चौकोनाचा आकडा २४०, खालच्या थरातल्या चौकोनाचा ८०. मास्क पाऊण पांढरा आहे. तर दिसणारा आकडा किती? उत्तर पोस्टकार्डावर पाठवा, नाव आणि इयत्ता लिहायला विसरू नका.

मागच्या कोड्याचं उत्तर: ८०० गुणिले ६०० चौकोनांच्या फोटोत एकूण ४,८०,००० चौकोन. ज्यांनी शून्यं नीट मोजली त्यांना शाब्बास!

पुढच्या आठवड्यात आजीच्या पेटीतल्या पिवळ्या पडलेल्या फोटोचे डाग कसे काढायचे ते बघू. तोवर एक जुना फोटो शोधून ठेवा. आणि हो, आजीला विचारून हं!

तुमची,
संगणकवाल्या बाई